साहेबासाठी मरळ

इस्तारीचा उजवा हात शाबूत होता, आणि सगळी भानगड तिथंच झाली. तुटला असता तर एका फटक्यात निकाल लागला असता. तुटलेल्या हाताचं काय द्यायचं ते सरकारच्या पुस्तकात छापलेलं होतं म्हणे. पण हा हात खांद्याला जिथल्या तिथं होता. पाचही बोटं होती, बोटांना नखं होती, नखं वाढत होती आणि त्याची बायको कुंता ती कापत होती. त्यात जीव तेवढा नव्हता.

मागल्या माघात टेशनाजवळच्या सरकारी लाकूडडेपोत गाडीवर साग चढवताना दोर सुटला, आणि ओंडका इस्तारीच्या मानेखाली, खांद्यावर आला. धानाचा हंगाम आटोपला की कोसमघाट गावचे ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणारे लोक, चार पैशासाठी डेपोत जायचेच. हाही गेला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, बोटं वाकवून पाहिली आणि सांगितलं, "आतल्या शिरा गेल्या. आता हा हात म्हणजे नुसतं ओझं." भला माणूस होता. खोटी आशा लावली नाही.

मग कचेरी आली. गावातून जंगलवाटेनं कुरखेड्यापर्यंत पायी, तिथून पुढं मोटारीनं, तालुक्याला पोचेस्तोवर माणूस निम्मा होऊन जायचा. तिथल्या बाबूनं इस्तारीचा हात टेबलावर ठेवायला लावला. हात आपला पडून राहिला.

"तुटला असता तर बरं झालं असतं," बाबू म्हणाला. "आता चौकशी होईल. याची कमाई किती बुडाली, याच्यानं कोणतं काम होतं, कोणतं होत नाही, ते नायब तहसीलदार साहेब गावात येऊन बघतील. मग भरपाईचं ठरेल."

कुंताचं डोकं फिरलं. "मंग तोडूनच आनतो ना जी. कुऱ्हाड हाय घरी."

बाबू हसला. इस्तारी हसला नाही. तो टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत बसला होता. खरंच विचार करत होता की काय, कोण जाणे. कुंतानंच तो हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि दोघं उठली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथं सहाचं वर्ष झालं. निकाल लागेपर्यंत डेपोकडून पोटापुरती मदत येत होती. तिच्यात भाताची पेज निघायची. इस्तारी, कुंता, म्हातारी सासू रुखमाबाई आणि पोरगी मनकर्णा, अशी चार तोंडं. वरचं जे काही लागेल, ते तलावानं द्यायचं.

आणि तलावाचा न्याय वेगळा. मालगुजारांची मालकी बुडाली, तलाव सरकारचा झाला, तरी कोसमघाटच्या ढिवरांचा कायदा बापजाद्यांचाच राहिला. ज्या घरचा पुरुष पाण्यात जाळं फेकतो, त्या घराला तलावात वाटा. पुरुष गेला, निकामी झाला, की वाटाही गेला. मग पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभं राहून लोकांनी दिलेले मूठभर झिंगे पदरात घ्यायचे. बाईनं फेकजाळ्याला हात लावायचा नाही. कडेच्या पाण्यात टोपल्यानं झिंगे धरावेत, खेकडे धरावेत. पण बाईच्या हातून जाळं पाण्यात पडलं तर तलावाची माय कोपते. कोणी तसं केलं तर जात न्यायाला बसायची, वाटा तुटायचा, घर वाळीत पडायचं.

म्हणजे बघा. सरकारला पटवायचं की इस्तारी कामातून गेला, आणि जातीला पटवायचं की इस्तारी चांगला धड आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

मग कुंतानं काय केलं? जे करायचं नाही तेच केलं.

ऊन डोक्यावर आलं, गाव भिंतीच्या सावलीला आडवं झालं, की दोघं निघायची. पुढं इस्तारी, डाव्या खांद्यावर जाळं, लोकांना दिसेल असं. मागं कुंता, डोक्यावर टोपलं. तलावाच्या पलीकडच्या अंगाला लव्हाळं माणसाहून उंच वाढलं होतं. त्याच्या आड गेलं की इस्तारी जाळं खाली टाकायचा आणि पाळीकडे तोंड करून राखणीला बसायचा. कुंता लुगडं वर खोचून पाण्यात शिरायची.

पहिले कितीतरी दिवस जाळं गोळा होऊन पडायचं. शिशाच्या मण्यांनी तिच्या दंडावर काळेनिळे डाग उठले, ओल्या दोरीनं तळहात सोलला. चिखलात पाय रुतायचा आणि पोटरीला जळवा लागायच्या. इस्तारी तिकडं तोंड ठेवूनच सांगायचा.

"हातानं नोको फेकू. कंबरेतून फिर."

"कंबर माही हाय. मले समजते."

"अन् कडा दातात धर. कवा सोडाची ते दाताले समजते."

"दात बी माहेच हायेत."

"मंग मासोळी काऊन नाई येत?"

"तुमी बोलून बोलून पळवून राह्यले ना जी तिले!"

अशी भांडत भांडत ती शिकली. एक दिवस जाळं हवेत पुरतं गोल उघडलं आणि पाण्यावर सपकन बसलं. तो आवाज ऐकून इस्तारीची मान वळलीच. त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "मले शिकाले दोन पावसाळे लागले होते," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी घरी मासळी शिजली, पण त्यानं भात नुसताच चिवडला.

गावात मात्र इस्तारीचं नाव झालं. एका हातानं जाळं फेकते म्हणतात बुवा, दुसऱ्या हाताचं काम दातानं करते! ही आवई कुंतानंच पाणवठ्यावर सोडली होती. बायकांनी ती घरोघर नेली, आणि इस्तारीच्या घरचा वाटा शाबूत राहिला.

चैतात दसरू कोतवाल सांगत आला. "उद्या नायबसाहेब येऊन राह्यले. लटारूभाऊच्या ओसरीवर बसतीन. इस्तारी, तयार राहाजो."

लटारू म्हणजे ढिवरांचा मुखिया. पांढऱ्या मिशांचा, तोंडानं फटकळ, पण पोटात पाप नसलेला म्हातारा. इस्तारीला, इस्तारीच्या बापाला, गावच्या निम्म्या पोरांना डेपोच्या नि जंगलाच्या कामावर त्यानंच लावलं होतं.

दसरू गेला तशी रुखमाबाई उठून बसली. "साहेब आपल्या कामासाठी येते, तं जेवन आपल्याच घरून जाईन. उद्या मासोळी पायजे."

"वरन-भात करतो ना माय," कुंता म्हणाली. "मासोळी पाहून साहेब इचारन, कोनं धरली म्हनून."

"जेवनारा मानूस काटे काढते, इचारत नाई. ढिवराच्या घरचं जेवन अन् मासोळीबिगर? लोक शेन घालतीन तोंडात! माह्या सासऱ्यानं दारचा भिकारी बी मासोळीबिगर नाई जाऊ देल्ला."

खरं सांगायचं तर कुंताच्याही मनात तेच होतं. एवढा मोठा माणूस, त्याच्या लेखणीवर आपलं सगळं, आणि त्याच्यापुढं डाळ ठेवायची? लाज म्हणून काही आहे की नाही? इस्तारी नको म्हणाला, पण जोर लावून म्हणाला नाही.

त्याच दुपारी ती पाण्यात शिरली. चैतातलं पाणी, वर कढत, तळाशी गार. बरेच डाव रिकामे गेले आणि मग जाळ्याला असा हिसका बसला की ती गुडघ्यावर आली. मरळ होती, चांगली हातभर लांब, काळ्या पाठीची. कुंताला आनंद झाला. का होऊ नये? एवढी मरळ त्या साली कोणाच्याच जाळ्यात आली नव्हती.

नायबसाहेब सकाळी बैलगाडीतून आला. विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा तिकडून आलेला, कोवळा, समजूतदार माणूस. तो कोणावर डाफरला नाही. लटारूच्या ओसरीवर जातीची चार म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुंता दाराच्या आत, कवाडाला धरून उभी.

नायबानं इस्तारीचा हात उचलला आणि सोडला. हात धपकन पडला.

"पागोटं बांधून दाखव."

इस्तारीनं डाव्या हातानं पागोट्याचा एक वेढा घेतला. दुसरा घेताना पहिला सुटला. तो खाली पडलेलं पागोटं गोळा करू लागला तेव्हा अंगणातली पोरं खी खी हसली. लटारूनं काठी उगारून त्यांना हाकललं.

"धोतर कोण नेसवतं?"

"बायको," इस्तारी जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि परसाकडे गेल्यावर?"

"डाव्या हातानं करतो जी." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुंताला वाटलं, पुढं होऊन त्या साहेबाचं तोंड धरावं. पण आज सोसलं पाहिजे होतं, आणि दोघं सोसत होती.

शेवटी नायबानं कागद आवरले. "माझ्या मते या माणसाच्यानं कसलंच काम होणार नाही. मी पूर्ण भरपाईची शिफारस करतो."

कवाडाआड कुंतानं मनात घरावर कवेलू चढवले, दारात म्हैस बांधली, मनकर्णाचं लग्नसुद्धा उरकून टाकलं. आणि सगळ्यात आधी काय मनात आलं असेल, तर आता त्या लव्हाळ्याआड चोरासारखं जायला नको. देवा, आता जायला नको.

पानं मांडली. चिंच आणि लसूण घालून केलेला मरळीचा लाल रस्सा कुंतानं स्वतः वाढला. नायब दोन घास जेवला आणि खुलला.

"वा! मरळ फार सुरेख आहे हो. इतकी मोठी, इतकी ताजी. कुठून आणलीत?"

आता लटारूला वाटलं, हीच वेळ आहे. आपल्या इस्तारीसाठी दोन शब्द टाकावेत. जन्मभर त्यानं ठेकेदारापुढं, मुकादमापुढं, फारेस्टवाल्यापुढं उभं राहून आपल्या माणसांची भलावण केली होती आणि ती एकाच रीतीनं केली होती: गडी कामाचा आहे, अंग चोरत नाही. साहेबाकडून काही मिळवायचं तर दुसरं काय बोलतात, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊकच नव्हतं.

"साहेब, इस्तारीनंच धरली जी हे," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला. "एका हातानं जाळं फेकते आमचा गडी! दातानं कडा धरते. लय कामसू मानूस जी. तुमी जे देसान ते वाया नाई जानार."

नायबाचा हात भातातच थांबला. "यानं? जाळं फेकून?"

"हो जी! सप्पा गावाले इचारा."

"खरं हाय साहेब," दसरू कोतवालही म्हणाला. त्यालाही चांगलंच बोलायचं होतं.

नायब उठला, त्यानं हात धुतला आणि आवरलेले कागद परत काढले. रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "इस्तारी, खरं सांग. मासा तू धरलास? तुझ्या घरातल्या दुसऱ्या कोणी धरला असेल तर तसं सांग. मी तसं लिहितो, तुझं काम अडणार नाही."

इस्तारीनं लटारूकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या चार म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "मी नाई जी... माही..."

कुंताला पुढचा शब्द कळला. तो शब्द चार म्हाताऱ्यांसमोर पडला की संध्याकाळी जात बसणार. मनकर्णाला कोण करणार? म्हातारी मेली तर खांदा कोण देणार? सरकार एकदा देईल आणि विसरून जाईल. पाणी मात्र जन्माला पुरायचं होतं. ती डोक्यावरचा पदर धरून बाहेर आली.

"यायनंच धरली साहेब."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी संग असतो ना जी. टोपलं धरून."

"कसं फेकतात, सांगा बरं."

आणि कुंतानं सांगितलं. दोरीचा फास मनगटात, अर्धं जाळं कोपरावर, कडा दातात. कंबरेतून फिरायचं आणि दात सोडायचे. लवकर सोडले तर जाळं गोळा होते, उशिरा सोडले तर दात हालते. इतकं नीट सांगितलं, की आपण खोटं बोलतोय हे बोलता बोलता तीच विसरली. भिंतीजवळचे म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. इस्तारी तिच्याकडे टक लावून बघत होता.

"शाबास!" नायब म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. त्यानं इस्तारीच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. "देशाला अशीच माणसं हवीत. पण हे पाहा, बापजाद्यांचा धंदा करतो म्हटल्यावर पूर्ण निकामी असं मला लिहिता येत नाही. जे पाहिलं, ऐकलं, ते लिहितो."

त्यानं उभ्या उभ्या लिहिलं. जाताना मासळी छान होती असं पुन्हा सांगायला तो विसरला नाही.

दिवस मावळताना लटारू इस्तारीच्या अंगणात आला. कुंता राखेनं भांडी घासत होती. तो तिच्यापासून जरा लांब, उकिडवा बसला.

"सूनबाई, मी घोटाळा केलो. मले वाटलं, सरकार कामाच्या मानसालेच देते. निकाम्या मानसाले कोनी काई देल्लं, हे माह्या जिंदगीत मी पाहिलो नाई."

कुंता घासतच राहिली.

"अन् जाळं तू फेकते, हे मले पोळ्यापासून मालूम हाय."

तिचा हात थांबला.

"एका हाताच्या फेकीत मरळ नाई येत बाई. मी ढिवर हावो."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. मालूम असनं येगळं, बोलनं येगळं. आज तू साहेबापुढं तोंडानं बोलली असती, तं मले जात बसवा लागली असती. तुह्या घराचा वाटा मलेच तोडा लागला असता. नाई बोलली, बरं केली."

"बरं केली," कुंता म्हणाली. हातातली राख त्याच्या तोंडावर फेकावी असं तिला फार वाटलं. म्हातारा होता, आणि रडत होता, म्हणून तिनं सोडलं.

मृग लागायच्या आधी कागद आला. दसरूनं तो शाळेच्या मास्तराकडून वाचून घेतला होता. अर्जदार एका हातानं आपला धंदा करतो, कमाई बुडालेली नाही, सबब भरपाई नामंजूर. डेपोची मदतही आजपासून बंद. रुखमाबाईनं कपाळ बडवून घेतलं. साहेबाच्या नावानं बोटं मोडली, मग लटारूच्या, मग मरळीच्याही.

इस्तारीनं दसरूला एवढंच विचारलं, "त्यात लिवलं हाय का, मी जाळं फेकतो म्हनून?"

"हो."

"सरकारच्या कागदात?"

"हो ना भाऊ."

तो खुंटीवरच्या जाळ्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंता सरपणाचा भारा टाकून घरात आली तर इस्तारी नव्हता, आणि खुंटीवर जाळंही नव्हतं. म्हातारी म्हणाली, एकटाच गेला. कुंता तशीच धावत सुटली. पाळीवर ऊन भाजत होतं. त्यानं काय केलं असेल ते सगळं तिनं वाटेनं मनात पाहून टाकलं, आणि ती लव्हाळ्यात शिरली.

इस्तारी जिवंत होता. कंबरभर पाण्यात उभा होता. अंग चिखलानं भरलेलं, गळ्याभोवती नि मेल्या हाताभोवती जाळ्याचा गुंता, आणि हनुवटीवरून रक्त छातीवर उतरत होतं. पुढचे दात गेले होते.

"अवो! काय करून राह्यले!"

त्यानं ऐकलं नाही. कडा उरलेल्या दातांत धरून तो कंबरेतून फिरला. उजवा हात आपोआप फिरला आणि पाण्यावर फाडकन आपटला. जाळं अर्धंमुर्धं उघडून जवळच पडलं. तो पडला, उठला, डाव्या हातानं आणि गुडघ्यांनी जाळं ओढत काठाला आणलं आणि त्यात चाचपडू लागला. मग त्यानं मूठ वर केली. मुठीत बोटाएवढी मासोळी होती. असली पोरंसुद्धा पाण्यात परत टाकतात.

"पाह्य," तो म्हणाला. रक्तानं शब्द बोबडे येत होते, आणि तोंडावर हसू होतं. "धरलो का नाई? आता साहेब खोटा नाई. तू बी खोटी नाई."

कुंता चिखलात शिरली. ती त्याच्या गळ्याचा गुंता सोडवू लागली. "होय," ती म्हणाली. "तुमीच धरली. चला आता घरी."

"आनखी एक डाव," इस्तारी म्हणाला, आणि तिच्या हातातली कडा ओढून परत दातांत धरू लागला.

"पुरे करा जी," कुंता रडत म्हणाली. "पाया पडतो तुमच्या, पुरे करा."

तो पुन्हा पाण्यात शिरला.